कॅज्युअल्टीत रात्र काढायची तर

सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, मी आत्तापर्यंत चार रात्री काढल्यात. दोन अण्णांसाठी, एक काकूसाठी आणि एक शेजारच्या पोरासाठी, त्याची बाईक खडीवरून घसरली होती. पहिल्या वेळी आम्ही रात्री दीडला पोचलो आणि अण्णांना वॉर्डात बेड मिळाला सकाळी साडेनऊला, मधल्या आठ तासात मी चार वेळा भांडलो, दाजींनी कुठल्यातरी नगरसेवकाच्या पीएला झोपेतून उठवलं, कशाचाही काही उपयोग झाला नाही. चौथ्या वेळी सगळं मिळून तीन तासात मार्गी लागलं. ओळख वाढली म्हणून नाही, तिथलं काम कसं चालतं ते कळलं म्हणून. कोणतं हॉस्पिटल ते सांगत बसत नाही, सगळीकडे थोडंफार असंच आहे.

मी डॉक्टर नाही त्यामुळे औषधपाण्याचं मला विचारू नका. नातेवाईक म्हणून काय करायचं एवढंच सांगतो.

पहिली गोष्ट घरातून निघायच्या आधीची. कॅज्युअल्टीतच जायला हवंय का ते बघा. छातीत दुखून घाम येतोय, श्वास लागलाय, तोंड वाकडं झालंय किंवा बोलणं अडखळतंय, फिट येऊन शुद्ध हरपलीय, रक्त थांबत नाहीये, साप चावलाय, विष पोटात गेलंय, गरोदर बाईला ब्लीडिंग होतंय, तान्हं बाळ दूध ओढत नाहीये, यात एक मिनिट घालवू नका. पण तीन दिवसांपासूनचा खोकला, ड्रेसिंग बदलायचंय, बीपीच्या गोळ्या संपल्यात, यासाठी रात्री ११ ला कॅज्युअल्टीत गेलात तर पहाटेपर्यंत बाकड्यावर बसाल आणि त्यात कुणाचीही चूक नसेल. गोव्यात २०२५ च्या जूनमध्ये बांबोळीच्या जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जो राडा झाला, आरोग्यमंत्री कॅमेऱ्यासमोर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरवर ओरडले, तो आठवत असेल. त्याचं मूळ काय तर एका पेशंटला बी-१२ चं इंजेक्शन कॅज्युअल्टीत मिळालं नाही. डॉक्टर लोक संपाच्या तयारीला लागले, मंत्र्यांना माफी मागावी लागली. असल्या कामाला ओपीडी, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र, मुंबईत 'आपला दवाखाना', त्यातले बरेच संध्याकाळीही चालू असतात.

दुसरी गोष्ट १०८, म्हणजे सरकारची फुकट ऍम्ब्युलन्स. बरेच जण अजूनही शेजाऱ्याची गाडी शोधत बसतात. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या आणि आपल्याकडची खासियत म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. फोन लावला की आधी जागा सांगा, मग त्रास. "लवकर या हो, लवकर या" म्हणण्यात अर्धा मिनिट जातो. गावाचं नाव, तालुका, जवळची खूण, मंदिर, पेट्रोल पंप, काय असेल ते, आणि एक माणूस मेन रोडला टॉर्च घेऊन उभा करा. गाडी लांब आहे असं कळलं तर मात्र वाट बघत बसू नका, मिळेल त्या वाहनाने निघा. कुठे न्यायचं ते गाडीतल्या डॉक्टरला विचारा. जवळचं ग्रामीण रुग्णालय सापासाठी, विषासाठी, पहिल्या इंजेक्शनसाठी बरोबर आहे, पण लकव्यासारखं काही असेल तर सीटी स्कॅन जिथे चालू आहे तिथेच जायला पाहिजे, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तीन हॉस्पिटलं फिरून चौथ्या ठिकाणी पोचलात तर ते तास रस्त्यातच संपतात. बाळंतपणासाठी आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे, तीही फुकट.

निघताना एक पिशवी. आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं (नाव आठवत बसण्यापेक्षा पाकीटच उचला), चार्जर, पाण्याची बाटली, चादर, एक पेन. पेनवर हसू नका. कॅज्युअल्टीत पेन मिळत नाही आणि अर्ध्या कामाला फॉर्म भरावा लागतो.

आता आतमध्ये. दारात पोचल्यावर आपण काय करतो, सगळेच्या सगळे पेशंटबरोबर आत घुसतो. तसं करू नका. एक जण पेशंटजवळ, एक जण केसपेपर काढायला, बाकीचे बाहेर. दोनच्या वर माणसं तसंही सोडत नाहीत, २०१७ ला धुळ्यात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी मारलं, त्याचा डोळा गेला, त्यानंतर राज्यभर डॉक्टरांनी काम बंद केलं, त्या वेळेपासून पासची आणि सिक्युरिटीची कडक भानगड आली. स्ट्रेचर किंवा व्हीलचेअर दारातच मागा, ती द्यायला मामा (वॉर्डबॉयला तिथे मामा म्हणतात) बहुतेक ठिकाणी काहीतरी ओळखपत्र ठेवून घेतात. मी माझं लायसन्स दिलं होतं.

आणि मग डॉक्टर समोर येतो. इथे माझं पहिल्यांदा जे झालं ते सांगतो. डॉक्टर म्हणजे पंचविशीतली एक मुलगी होती, डोळे लाल, तिनं विचारलं "काय होतंय?" आणि मी सुरू झालो की परवा आम्ही मामाच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो, तिथे अण्णांनी जिलेबी खाल्ली, मी नको म्हणत होतो, मग काल जरा बरं वाटत नव्हतं म्हणाले, आमच्या इथले एक डॉक्टर आहेत त्यांनी गोळी दिली. तेवढ्यात पलीकडच्या स्ट्रेचरवरचा माणूस ओकला आणि ती तिकडे पळाली. परत आली २५ मिनिटांनी. ती २५ मिनिटं माझ्या जिलेबीची होती हे मला फार उशिरा कळलं.

त्या वेळी सांगायला हवं होतं ते एवढंच: "वय ६२, शुगर आणि बीपी आहे, गोळ्या या. रात्री ११ पासून वरच्या पोटात दुखतंय, कळ पाठीत जाते. चार उलट्या झाल्या. आता घाम सुटलाय. पेनिसिलिन चालत नाही." संपलं. वय, आधीचे आजार, काय होतंय, नक्की किती वाजल्यापासून, काय बदललं, कशाची ऍलर्जी. गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर टाईप करून ठेवा, कारण तिथे गेल्यावर डोकं चालत नाही. घरी काही दिलं असेल, शेजाऱ्याने जिभेखाली सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावरची गोळी) ठेवली असेल, कुठला काढा पाजला असेल, तेही लाजू नका, सांगा, त्याने बीपी खाली गेलेलं असू शकतं आणि डॉक्टर कारण शोधत बसतो. लकव्याच्या पेशंटचं तर "कधी कळलं" यापेक्षा "शेवटचं नीट कधी बोलले होते" ही वेळ सांगा. झोपेतून उठले आणि हात हलत नव्हता असं असेल तर रात्री झोपतानाची वेळ.

यानंतर वाट बघणं सुरू होतं, आणि खरा विषय हाच आहे.

एक तर रांग नंबराची नसते. बँकेत टोकन असतं तसं इथे काही नाही. लाल, पिवळा, हिरवा असे तीन कप्पे धरा, काही ठिकाणी खरोखर तशा पट्ट्या किंवा बोर्ड लावलेले असतात, काही ठिकाणी फक्त डॉक्टरच्या डोक्यात असतात. लाल म्हणजे आत्ता हात लावला नाही तर जाईल, पिवळा म्हणजे थोडा वेळ थांबू शकतो, हिरवा म्हणजे चालत आलाय. तुमच्यानंतर आलेल्याला आधी आत घेतलं तर तो कुणाचातरी पुतण्या आहे असं लगेच धरू नका, बहुतेक वेळा त्याची अवस्था तुमच्या पेशंटपेक्षा वाईट असते. तुमचा पेशंट बाकड्यावर ताटकळतोय याचा एक अर्थ असाही आहे की त्याला बघून कुणी घाबरलेलं नाहीये. रात्री तीनला हे पचत नाही, मान्य आहे.

पण पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही आणि ते बघायला तिथे माणूस नसतो. तो माणूस तुम्ही. दर १५ मिनिटांनी पेशंटशी बोला, नाव विचारा, श्वास बघा, लघवी झाली का बघा. काही बदललं तर सिस्टरकडे जाऊन नेमकं तेवढंच सांगा. "सिस्टर, कधी बघणार हो आमच्याकडे?" याला उत्तर ठरलेलं आहे, "थांबा, येतायत." पण "सिस्टर, आत्तापर्यंत बोलत होते, आता हाक मारली तर नुसतं हूं करतायत" म्हणालात की ती हातातलं टाकून येते. मी दोन्ही वाक्यं वापरून बघितलीत.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. वाट बघतोय म्हणजे नक्की कशाची, हे विचारा. "किती वेळ लागेल?" हा प्रश्न टाकून द्या, त्याचं उत्तर तिथे कुणालाच माहीत नसतं. "आता आपण कशासाठी थांबलोय?" हे विचारा. याची चार-पाचच उत्तरं असतात. कॉल गेलाय, म्हणजे कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने बघून मेडिसिन किंवा सर्जरी किंवा ऑर्थोच्या (हाडांच्या) ड्युटीवरच्या रेसिडेंटला, म्हणजे निवासी डॉक्टरला, बोलावलंय आणि तो वरती वॉर्डात नाहीतर ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलाय. रिपोर्ट यायचाय. सिनियर येऊन ठरवणार. बेड बघतोय. किंवा नुसतं नजरेखाली ठेवलंय.

प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. कॉल गेला असेल तर किती वाजता गेला ते विचारा आणि ती वेळ लिहून ठेवा, तासाभराने "दोन वाजून दहाचा कॉल आहे, परत एकदा द्याल का" असं शांतपणे म्हणा, कारण तो कॉल खरोखर हवेत विरतो, रेसिडेंट चौथ्या मजल्यावर एकाला नळी घालत असतो आणि फोन कुणीतरी भलत्यानेच उचललेला असतो. रिपोर्टसाठी थांबला असाल तर तो आणणं बहुधा तुमचंच काम असतं आणि तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नसतं. अण्णांच्या वेळी आमचा रक्ताचा रिपोर्ट लॅबच्या खिडकीत सव्वातीनपासून पडून होता, मी पाचपर्यंत बाकड्यावर बसून सिस्टीमला शिव्या घालत होतो.

आणि शेवटचं, नजरेखाली ठेवणं. याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. साप चावलेला पेशंट आणला की काचेच्या नळीत थोडं रक्त काढतात आणि ती नळी २० मिनिटं तशीच उभी ठेवतात, कुणी हात लावत नाही, मग तिरकी करून बघतात रक्त गोठलं की पातळच राहिलं. नातेवाइकाला दिसतं काय, तर पोरगं मरायला टेकलंय आणि हे लोक नळी ठेवून चहा प्यायला गेले. अरे तीच तपासणी आहे! डोक्याला मार लागलेल्याचा सीटी नॉर्मल आला तरी कित्येकदा काही तास ठेवून घेतात, छातीत दुखणाऱ्याचा पहिला ईसीजी चांगला आला तरी थोड्या वेळाने परत काढतात, रक्त परत तपासतात. आमच्या शेजारच्या पोराचे बाबा "सीटीत काही नाही ना, मग सोडा की" म्हणून अडून बसले होते, त्यांना बाहेर चहाला नेऊन समजावण्यात माझा एक तास गेला.

माणसं कमी आहेत तर कामं कोण करतं? तुम्ही. सरकारी हॉस्पिटलात सगळ्यात मोठा स्टाफ म्हणजे नातेवाईक. स्ट्रेचर ढकलायचं, एक्स-रेला न्यायचं, सॅम्पल पोचवायचं, रक्तपेढीत जायचं. हे तुमचं काम नाही, बरोबर आहे, पण रात्री एकच वॉर्डबॉय असतो आणि तो डेड बॉडी घेऊन शवागाराकडे गेलेला असतो. मग निदान नीट तरी करा. रक्ताच्या नळ्यांना तिथे बल्ब म्हणतात. हातात दिले की आधी प्रत्येक बल्बवर पेशंटचं पूर्ण नाव आणि नंबर आहे का बघा, नुसतं "पाटील" लिहिलेलं असेल तर परत द्या, त्या रात्री आणखी दोन पाटील असतात. जांभळ्या बुचाचा बल्ब हळूच वर-खाली करायचा, सिरपच्या बाटलीसारखा हलवायचा नाही, खिशात घालून जिन्याने पळायचं नाही. जोरात हलवलं की रक्तपेशी फुटतात, लॅबवाला "सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत आणा" म्हणतो, परत टोचाटोची, परत तासभर. लॅबच्या खिडकीत द्याल तेव्हा विचारून घ्या रिपोर्ट किती वाजता, छापील मिळणार की कॉम्प्युटरवर दिसणार. रिपोर्ट आला की हातात घेऊन तसेच डॉक्टरसमोर जाऊन उभे राहा, बोलायची गरज नाही, कागद दिसला की ते हात पुढे करतात. आणि प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये. केसपेपर हरवतो, एक्स-रे दुसऱ्याच्या फाईलमध्ये जातो.

माणसं कमी का आहेत यावर वेगळा लेख होईल. थोडक्यात, मंजूर पदं जुन्या लोकसंख्येच्या हिशोबाची, त्यातलीही भरत नाहीत, कंत्राटी माणसाला मध्येच जास्त पगाराची नोकरी मिळते. नर्सिंग कौन्सिलचा नियम म्हणतो मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स. रात्री कुठल्याही जनरल वॉर्डात डोकावून बघा, चाळीस-पन्नास पेशंटना एक सिस्टर आणि सोबत एखादी शिकणारी मुलगी. निवासी डॉक्टरच्या ड्युटीचा १९९२ पासूनचा नियम एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त नाही असा आहे, प्रत्यक्षात ती लाल डोळ्यांची मुलगी ३० तास उभी होती, मी विचारलं तेव्हा तिनं घड्याळात बघून हिशोब केला. याचा शेवट कुठे होतो ते २०२३ मध्ये दिसलं. ऑगस्टमध्ये कळव्याच्या हॉस्पिटलात २४ तासात १८ मृत्यू, सप्टेंबर संपता संपता नांदेडला २४ तासात २४, त्यात १२ नवजात बाळं. त्यावर एका खासदाराने काय केलं तर डीनच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावला. पदं त्याने भरली नाहीत.

तर हात उचलायचा नाही. हे उपदेश म्हणून सांगत नाही, व्यवहार म्हणून सांगतोय. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने डॉक्टर-नर्सवर हात टाकला किंवा तोडफोड केली तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा अजामीनपात्र, नुकसान दुप्पट भरून द्यायचं. आणि तुम्ही आत गेलात तर पेशंटजवळ कोण थांबणार? शिवाय मारामारी झाली की काम थांबतं आणि तुमचाच पेशंट तसाच पडून राहतो.

मग खरंच कुणी बघत नसेल तर? आवाज चढवा पण योग्य माणसापुढे. कॅज्युअल्टीत सीएमओ, म्हणजे तिथला मुख्य ड्युटी डॉक्टर असतो, त्याच्याकडे जा. तिथे नाही जमलं तर जिल्हा रुग्णालयात आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), मग सिव्हिल सर्जन, मेडिकल कॉलेजात वैद्यकीय अधीक्षक, वरती डीन. रात्री ऑन ड्युटी कोण आहे त्याचं नाव बोर्डावर असतं. बोलताना "आम्ही कधीचे आलोय" नको. "केसपेपर १:२० चा आहे, १:४० ला तपासलं, २:१० ला सर्जरीचा कॉल गेला, आता ४ वाजलेत, अजून कुणी आलेलं नाही, पेशंटचं पोट फुगत चाललंय" असं बोला. हे एकदा बोलून बघा, समोरच्याचा चेहरा बदलतो, कारण त्याला कळतं की हे सगळं उद्या कागदावर येऊ शकतं. तरी काही नाही तर साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का. मोबाईलने डॉक्टरच्या तोंडासमोर शूटिंग करू नका, ते लोक ताठर होतात आणि मागच्या स्ट्रेचरवरची उघडी पडलेली बाईही त्या व्हिडिओत येते.

अपघात, मारामारी, भाजणं, विष, यात पोलीस केस होते, एमएलसी म्हणतात. त्याच्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय की आधी जीव, मग पोलिसांचे सोपस्कार, आणि हे खाजगी डॉक्टरलाही लागू आहे. १९९६ च्या पश्चिम बंगालच्या निकालात तर ट्रेनमधून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी बेड नाही म्हणून परत पाठवलं, कोर्टाने २५ हजार भरपाई द्यायला लावली. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला तुम्ही आणलं असेल तर नाव सांगायची सक्ती नाही, २०१९ च्या मोटर वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत तसं आहे. आणि २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला यादीतल्या हॉस्पिटलात ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार मिळतो, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पैशाचं पटकन. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजं या निर्णयात नव्हती, ती वेगळ्या खात्याची, तिथे थोडे पैसे लागतात. ऑपरेशन किंवा आयसीयू म्हटलं की आरोग्यमित्राचं (योजनेची नोंद करणाऱ्या माणसाचं) टेबल शोधा, महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, हेल्पलाईन १५५३८८. रेशनकार्ड घरी राहिलं तरी इमर्जन्सीत आधी नोंद होते, कागद मागून आणता येतात. "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी आली तर आधी हॉस्पिटलच्या स्टोअरला विचारा, मग समाजसेवा विभागात, मग मेडिकल. बिल जपा, न फोडलेली औषधं परत घेतात.

आणि गेटबाहेरच्या माणसापासून सांभाळून. अण्णांच्या रात्री पहाटे चारच्या सुमारास मी बाहेर टपरीवर उभा होतो, एक ऍम्ब्युलन्सवाला आला, फार मायेने बोलला, "दादा, इथे काय होणार नाही, माझ्या ओळखीचं हॉस्पिटल आहे, दहा मिनिटात ऍडमिट." त्याला तिकडून कमिशन असतं. मी जवळजवळ तयार झालो होतो, सही करून पेशंट स्वतःच्या जबाबदारीवर काढायचा, त्याला डामा म्हणतात. दाजींनी एकच प्रश्न विचारला, तिकडे आयसीयूचा बेड रिकामा आहे का, फोन लाव, मी बोलतो. तो माणूस तिथून गायब झाला. न्यायचंच असेल तर अवश्य न्या, पण आधी इथल्या डॉक्टरला विचारा की पेशंट प्रवास सोसेल का, तिकडच्या डॉक्टरशी स्वतः बोलून बेड पक्का करा, डिपॉझिट किती ते आधीच विचारा, रेफर चिठ्ठी आणि रिपोर्ट सोबत घ्या. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के बेड गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवावे लागतात, आणि अशा पेशंटला इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. उत्पन्नाचा दाखला लागतो, तो मागून दिला तरी आधी दाखल करून घ्या म्हणा.

वॉर्डात बेड "नाही" म्हटलं तरी सरकारी हॉस्पिटलात सहसा परत पाठवत नाहीत, खाली गादी टाकतात. अपमान वाटतो, मला वाटला होता. पण गादीवर का होईना सलाईन चालू झालं, युनिटच्या (डॉक्टरांच्या एका टीमच्या) यादीत नाव लागलं, सकाळच्या राऊंडला सिनियर येऊन बघतात. बाकड्यावर तसं काही नसतं. म्हणून जमिनीवरची जागा नाकारू नका. शिफ्ट बदलते साधारण सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ ला, त्या अर्ध्या तासात काही होत नाही, त्याच्या आधी हवं ते विचारून घ्या आणि नवीन सिस्टर आली की तुमच्या पेशंटची एका वाक्यात ओळख करून द्या. रात्र दोघांनी वाटून घ्या, चार तास एक, चार तास दुसरा, कारण सकाळी राऊंडला जो जागा असेल त्यालाच डॉक्टर सगळं सांगून जातात आणि झोपेत ऐकलेलं घरी गेल्यावर कुणालाच सांगता येत नाही.

डिस्चार्ज कार्ड मिळालं की दारातच वाचा, गोळ्या किती दिवस, परत कधी यायचं, कोणत्या ओपीडीला, कोणत्या वारी. युनिटचा वार ठरलेला असतो, मंगळवारच्या डॉक्टरकडे गुरुवारी गेलात तर तिसराच माणूस भेटतो आणि पुन्हा जिलेबीपासून सुरुवात.

हां, आणि ते लायसन्स. अण्णांना घेऊन मी घरी आलो, चार दिवसांनी नाक्यावर ट्रॅफिक हवालदाराने हात दाखवला तेव्हा आठवलं की ते अजून स्ट्रेचरवाल्या मामांकडेच आहे. परत गेलो. मामांनी ड्रॉवर उघडला, आत रबर लावलेला हा एवढा गठ्ठा, आधार, पॅनकार्डं, कॉलेजची आयकार्डं. "सगळ्यांचं असंच होतंय बघा," म्हणाले, आणि माझं शोधायला लागले.